उसनं रक्त

कुरुळीच्या रोहिदास कड याचे गुडघे बोलायचे. बसताना एकदा, उठताना एकदा आणि कंपनीच्या बसची पायरी चढताना मागच्या माणसाला ऐकू जाईल असं एकदा. कोणी विचारलंच तर रोहिदास म्हणायचा, "बुटाचा आवाज हाय."

बुटावर ढकलायला कारण होतं. रोहिदास पर्मनंट होता आणि पर्मनंट माणूस आपल्या शरीराबद्दल फार जपून बोलतो. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा त्याच्या एका भावानं भाड्याच्या खोल्या बांधल्या, दुसऱ्यानं जेसीबी घेतला. रोहिदासनं "नोकरी ती नोकरी" म्हणत महाळुंग्याकडच्या एका बसबॉडीच्या कंपनीत चिकटून घेतलं. आता भाऊ दुपारी पंख्याखाली वामकुक्षी घ्यायचे, आणि हा त्याच वेळी शाळेच्या बसच्या पोटाखाली उकिडवा बसून बोल्ट आवळायचा. लाइन सरकायची तसं बसल्याबसल्याच पुढं सरकायचं, बेडकासारखं. उभं राहिलं तर डोक्याला बसचा लोखंडी चॅनल लागायचा.

बसच्या दुसऱ्या अंगाला अजिम तांबोळी असायचा. तो राजगुरुनगरचा, चाळिशीच्या अलीकडचा. हवेवर चालणारी गन तीच, बोल्ट तेच, बसणंही तेच. फरक शर्टाचा. रोहिदासचा निळा, म्हणजे कंपनीचा. अजिमचा राखाडी, म्हणजे ठेकेदाराचा. इतकी वर्षं राखाडी घालूनही अजिम प्रत्येक दिवाळीला म्हणायचा, "यंदा आपली पर्मनंटची यादी लागते बघ, राव." आणि त्याचे गुडघे म्हणाल तर लाइनवरची बढाईच होती. चहाच्या सुट्टीत बाकीचे टेकायला जागा शोधायचे, तेव्हा हा गडी हौसेनं उकिडवाच बसायचा आणि मांडीवर थाप मारायचा. "ट्रकचे पाटे आहेत हे. कंपनी बंद पडेल, हे नाही पडायचे."

त्या लाइनवर एक रिवाज होता. त्याला सांभाळून घेणं म्हणत. शेजारचा तंबाखू मळायला गेला तर त्याच्या वाटचे बोल्ट आपण आवळायचे. बस चुकलेल्याचं हजेरीचं कार्ड आपण लावायचं. भीमराज नावाच्या वेल्डरला लांबचं दिसत नव्हतं, तर वार्षिक तपासणीत भिंतीवरची अक्षरं त्याच्या जागी दुसऱ्यानंच वाचली. लघवीच्या बाटल्यांची तर गोष्टच नको. एका वर्षी एकाच धडधाकट पोरानं अर्धी लाइन निरोगी करून सोडली होती. कंपनीच्या कागदावर ती लाइन म्हणजे हिंदकेसरींचा आखाडा. यात लबाडी आहे असं कोणाच्या मनातही यायचं नाही. उलट, जो सांभाळून घेत नाही त्याला लाइन वाईट म्हणायची.

तर अशा लाइनवर तनुजा मॅडम आल्या.

पिंपरीच्या एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात त्या होत्या. मूळच्या पुनावळ्याच्या, त्यामुळे बोलायला लागल्या की पांढऱ्या कोटातूनही गाव डोकवायचं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये उभ्या राहून त्यांनी सांगितलं, "तुमच्या रक्तातली प्रोटीन तपासून गुडघ्याची झीज लवकर ओळखता येते का, याचा आम्ही अभ्यास करतोय."

भीमराज म्हणाला, "मॅडम, प्रोटीन जिमवाल्या पोरांचं बघा. आमच्यात नुसता डाळभात सापडंल."

मॅडम हसल्या. "ते डब्यातलं प्रोटीन, दादा. हे आपल्या अंगातलं. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते. ती झिजायला लागली की तिच्यातल्या प्रोटीनचे बारीक तुकडे सुटतात आणि रक्तात उतरतात. एक्स-रेमध्ये झीज दिसायला कितीतरी वर्षं जातात. माणसाला दुखायलाही उशीर लागतो. पण तुकडे आधीच रक्तात असतात. आमचं मशिन त्यांना वजनावरून ओळखतं."

मग त्यांनी महत्त्वाचं सांगितलं. कोणाचाही निकाल कंपनीला कळणार नाही. ज्याचं त्याला, एकट्याला बोलावून सांगू. संमतीच्या कागदावर पहिल्याच पानाला मराठीत लिहिलंय, वाचून घ्या.

त्या हे सांगत असताना एचआरचा साहेब मागं उभा राहून मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढत होता. त्यामुळे मॅडमचं बोलणं कोणाच्या कानात शिरलं नाही आणि कागद तर कोणी उघडलाच नाही. ताटं धुवायला जाईपर्यंत लाइनचं एकमत झालं होतं की हे गुडघे मोजायला आलेत, ज्याचे गेले त्याला घरी बसवणार.

तपासणीची यादी लागली. बसच्या पोटाखाली काम करणारे, चाळिशी ओलांडलेले आणि फक्त पर्मनंट. रोहिदासचं नाव वरतीच होतं.

रविवारी रोहिदास राजगुरुनगरला अजिमच्या दारात हजर. गल्लीतल्या चढावर दोनदा थांबून आला होता, पण आत शिरताना तोंडावर हसू आणलं.

"रविवारी घरी आलायस म्हणजे काम मोठं दिसतंय," अजिम म्हणाला. "वहिनीनं हाकलला का?"

"रक्त पायजे व्हतं."

"कुणाला?"

"कुणाला न्हाई. माझ्या नावानं द्यायचंय."

स्वयंपाकघरातून अजिमची बायको सलिमा म्हणाली, "रक्त न्या भाऊजी, पण आधी जेवून घ्या. नाहीतर तुम्हालाच चढवावं लागेल."

रोहिदासनं सगळं सांगितलं. अजिम ऐकत होता, मध्येच त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघायचं आत काय घासतंय! भारी आहे की. मग तुझंच दे ना."

"माझ्यात काय घावंल ते मला ठावं हाय. दुखतंय रं. दोन्ही. या वयात लाइनीवरून काढलं तर जाऊ कुठं? भावांच्या खोल्यांची भाडी गोळा करत फिरू?"

एवढं त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. अजिमनं पुढं काही विचारलं नाही. "सुईच टोचायची ना? चल, झालं. तुझ्या नावानं माझे गुडघे पास होऊ दे."

रक्त घ्यायचा दिवस आला. तनुजा मॅडम त्या दिवशी दुसऱ्या कंपनीत होत्या, इथं आलेली माणसं कोणाला ओळखत नव्हती. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी टॉयलेटमध्ये दोघांनी शर्ट बदलले. निळा शर्ट अंगावर चढल्यावर अजिम आरशासमोर जरा जास्तच वेळ थांबला. कॉलर नीट केली. खिशावरच्या कंपनीच्या नावावरून बोट फिरवलं. बाहेर आला तर भीमराजनं सलाम ठोकला. "या पर्मनंट साहेब! चाकणात एवढ्या कमी वेळासाठी पर्मनंट झालेला पहिलाच माणूस."

"आमची बदली पुण्याला झाली की तुलाही लावून घेतो," अजिम म्हणाला, आणि रुबाबात रांगेत जाऊन उभा राहिला. रक्त दिलं. गेटाजवळच्या गाडीत गुडघ्यांचा एक्स-रे काढला. दुखतात का, असं विचारल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाला, "अजिबात नाही." आणि हे त्यानं अगदी खरं सांगितलं होतं.

काही महिन्यांनी रोहिदासला पिंपरीहून फोन आला. मॅडमनी भेटायला बोलावलं होतं.

"रोहिदासदादा, घाबरू नका," तनुजा मॅडम म्हणाल्या. माणसाला घाबरवायला याहून सोपं वाक्य नाही. त्यांनी कॉम्प्युटरची काच त्याच्याकडं वळवली. खाली ठिपक्यांची दाटी होती, बाजारात माणसं उभी राहावीत तशी. एकच ठिपका गर्दी सोडून पार वर गेला होता.

"हा तुम्ही."

रोहिदास ठिपक्याकडं बघत राहिला.

"तुम्हाला काही दुखत नाही म्हणालात. एक्स-रेही साफ आहे. म्हणून तर मुद्दाम बोलावलं. दुखणं अजून आलेलं नाही, पण कूर्चा झिजतेय आणि चांगल्या वेगानं झिजतेय, असं ही प्रोटीन सांगतायत. एवढ्या एका गोष्टीवरून ठाम बोलू नये, ही चाचणी अजून अभ्यासातच आहे. पण तुमच्या जागी माझा भाऊ असता ना, तर मी त्याला आजपासून उकिडवं बसू दिलं नसतं. मांडीचे व्यायाम, वजन आटोक्यात आणि ते बसून सरकायचं काम पूर्ण बंद. आता सुरुवात केलीत तर पुष्कळ वर्षं हातात राहतील."

बोलायची जागा हीच होती. मॅडम, हे रक्त माझं नव्हे, समोरच्या अंगाला बसतो त्या अजिमचं आहे. एवढंच म्हणायचं होतं. रोहिदासनं तोंडही उघडलं.

"इच्छा असेल तर कंपनीला एक पत्र देते," मॅडम म्हणाल्या. "कारण लिहिणार नाही. फक्त हलकं काम द्या, एवढंच. मात्र तुम्ही हो म्हणालात तरच."

"द्या," रोहिदास म्हणाला.

तोंडातून तेवढंच बाहेर पडलं. परतताना बसमध्ये त्यानं स्वतःशी हुज्जत घातली. माझे गुडघे दुखत नाहीत का? दुखतात. मग पत्र खोटं कसं? मोशीच्या पुलापर्यंत त्याचं स्वतःला पटत आलं होतं. अजिमचं मात्र पटवायचं राहून गेलं. ते उद्या बघू म्हणाला.

उद्या उजाडला. कँटीनच्या मागं अजिमनंच गाठलं. "काय रे, काय म्हणालं तुझं... म्हणजे माझं रक्त?"

"नॉर्मल."

"बघ! म्हटलं नव्हतं?" अजिम तिथंच उकिडवा बसला आणि चहाचा ग्लास गुडघ्यावर ठेवून दाखवला. "हलतो का? बघ, हलतो का?"

ग्लास खरंच हलला नाही. रोहिदास म्हणाला, "न्हाई हलत."

आठवड्याभरात रोहिदासला स्टोअरमध्ये जागा मिळाली. खिडकी, खुर्ची, टेबलफॅन आणि मागं बोल्टांचे रॅक. लाइनवर त्यानं सांगितलं, वरच्या साहेबानं जुना माणूस म्हणून उचललं. सगळ्यांत जास्त आनंद अजिमला झाला. त्यानं घरून बिर्याणी आणली आणि स्टोअरच्या खिडकीवर हात ठेवून म्हणाला, "आता गनचं सॉकेट मागायला आलो तर तासभर उभं नको करू, स्टोअरकीपर साहेब."

रोहिदासच्या जागी नवा माणूस यायचा होता. तो येईपर्यंत बसचं ते अंगही अजिमनं बघायचं ठरलं. सांभाळून घ्यायची सवयच होती. इकडचे बोल्ट झाले की तो बसल्याबसल्या बसच्या पोटाखालून पलीकडं सरकायचा. नवा माणूस आज येतो, उद्या येतो म्हणता म्हणता कोणी त्याचं नावच काढेना. एक माणूस दोघांचं काम हूं की चूं न करता उरकत असेल, तर कुठली कंपनी दुसरा शोधायला जाते?

रोहिदासला हे खिडकीतून दिसायचं. न दिसायला तो काही भीमराज नव्हता. सांगायचं तर होतंच. पण रमजान चालू होता, रोज्यात कशाला त्याला घोर लावायचा? रमजान झाला तर अजिमच्या मंतशाची दहावी आली. पोरीची परीक्षा, घरात ताण नको. परीक्षा झाली तर ठेकेदाराची माणसं पर्मनंट करायची यादी निघणार असं कानावर आलं. आता सांगितलं, अजिमनं काम हळू केलं आणि नाव कापलं गेलं तर पाप कोणाच्या माथी? प्रत्येक कारण ऐकायला मोठं मायेचं होतं. दुसऱ्याची काळजी वाहता वाहता रोहिदासची स्वतःची खुर्चीही सलामत राहत होती, हे त्याच्या ध्यानात येत नसेल असं नाही. पण तिकडं तो फार वेळ बघायचा नाही.

यादी निघाली. अजिमचं नाव नव्हतं.

पावसाळ्यानंतर अजिम चहाच्या सुट्टीत लाकडी पॅलेटवर बसू लागला. कोणी टोकलं तर म्हणाला, "म्हातारा झालो, राव." मग उठताना खांबाला धरू लागला. रोहिदास खिडकीतून हाक मारायचा, "काय रे, ठीक हाय ना?" आणि अजिम अंगठा वर करायचा. एवढ्यावर दोघांचं भागायचं.

पुढच्या ईदला रोहिदास शीरखुर्मा प्यायला राजगुरुनगरला गेला. सलिमानं वाटी हातात दिली आणि नवऱ्याकडं बघून हसत म्हणाली, "भाऊजी, तुमच्या मित्राची नाटकं ऐकलीत का? आता खुर्चीवर नमाज पढतात. मशिदीत शेवटच्या रांगेत, म्हाताऱ्यांच्यात. सज्द्याला खाली जाववत नाही म्हणे. घरात पाण्याचा हंडा उचला म्हटलं की गुडघा, आणि मॅच बघायला तीन तास बसवतं."

अजिम म्हणाला, "मॅच बघताना गुडघा वाकवावा लागत नाही गं."

सगळे हसले. रोहिदासही हसला. खजूर घशात अडकला म्हणून त्यानं पाणी मागितलं, आणि ते आणायला अजिम उठला. भिंतीला हात लावून, आधी एक पाय, मग दुसरा.

आज सांगू, असं रोहिदासनं त्या क्षणी ठरवलं. तेवढ्यात पाहुणे आले.

दुसऱ्यांदा रक्त द्यायची वेळ आली. तेच लोक, तीच यादी, मध्ये काय बदललं ते बघायचं होतं. या खेपेला अजिमला पाठवणं शक्य नव्हतं. रक्त मागायला जायचं तर कोणत्या तोंडानं? शेवटी रोहिदासनं स्वतःची बाही वर केली. सुई गेली तेव्हा त्यानं डोळे मिटले. आता सगळं उघडं पडणार, खुर्ची जाणार, असं त्यानं धरून चाललं होतं. खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंही वाटलं होतं. आपण बोलत नाही तर निदान मशिन तरी बोलेल.

मशिन बोललं. पण भलतंच.

पिंपरीला गेला तर तनुजा मॅडम दारापर्यंत आल्या. "रोहिदासदादा, कमाल झाली! हे बघा." वर एकटा उभा असलेला ठिपका खाली गर्दीत येऊन मिसळला होता. "काम बदललं, उकिडवं बसणं थांबलं आणि एवढा उतार! इतका उतार आम्हालाही अपेक्षित नव्हता. पुढच्या महिन्यात आमची बैठक आहे, तिथं तुमचं नाव न सांगता हा आलेख दाखवणार आहे. हे दाखवून इतर कंपन्यांशी बोलता येईल. नुसती जागा बदलली तर माणूस वाचतो, हे त्यांच्यासमोर ठेवता येईल."

रोहिदास खुर्चीवर टेकला.

"मॅडम, हे माझं रक्त हाय. आत्ताचं."

"हो, तुमचंच."

"तवाचं माझं नव्हतं."

मॅडमना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा आधी त्यांनी काच स्वतःकडं वळवली, जणू ठिपक्यांनी हे ऐकू नये.

"कोणाचं होतं?"

"अजिम तांबोळी. माझ्या समोर बसायचा. ठेकेदाराचा माणूस हाय."

"तो कुठं आहे आता?"

"लाइनवर."

"अजून? उकिडवा?"

"व्हय. माझ्या वाटचं कामबी त्योच करतो."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोठ्यानं बोलल्या असत्या तर रोहिदासला बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "का केलंत असं?"

"कंपनीला कळंल म्हणून भ्यालो."

"कळणार नाही असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं."

"वाचलं न्हाई."

"कोणीच नाही वाचलं," मॅडम म्हणाल्या. "आणि मीही, ठेकेदाराच्या लोकांना यादीत घ्या म्हणून एकदा विचारलं. कंपनीचे साहेब नको म्हणाले, मी सोडून दिलं. पुन्हा विचारायला हवं होतं." मग त्यांनी काचेवरच्या त्याच्या दोन्ही नोंदींवर खूण केली. "हे आता काढून टाकावं लागेल. पहिला नमुना तुमचा नाही. त्यानं त्याच्या नावानं संमती दिलेली नाही, म्हणून त्याचाही धरता येत नाही. तो कोणाचाच नाही."

"पण त्यात लिहिलेलं तर खरं होतं ना?"

"अगदी खरं होतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर वाईट वाटतंय."

उठताना रोहिदासचे गुडघे वाजले. मॅडमनी ऐकलं. "हे दुखतात?"

"लई."

"तुमचं रक्त साफ आहे दादा. मांडीचे स्नायू कमजोर असतील. एक्स-रे काढू, पण बहुतेक साध्या व्यायामानं बरे होतील. तेव्हाच तुमचं रक्त दिलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं." मग त्या म्हणाल्या, "त्याला घेऊन या. अभ्यासासाठी नाही. असाच."

रोहिदास तिथून थेट राजगुरुनगरला गेला. या वेळी तोंडावर हसू आणायला जमलं नाही. अजिम पलंगावर पाय लांब करून बसला होता, सलिमा तेल कोमट करून आणत होती. रोहिदासनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, पुढचं मागं, मागचं पुढं करत.

अजिमनं लांब केलेले पाय हळूहळू जवळ ओढले. मग विचारलं, "कँटीनच्या मागं मी तुला विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मी ग्लास ठेवून दाखवला तेव्हा?"

"व्हय."

अजिम स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत राहिला. "रक्त माझं, गुडघे माझे, आणि खबर तुझ्याकडं," तो म्हणाला. त्याला विनोद करायचा होता बहुधा. तो झाला नाही.

"मी स्टोअर सोडतो. उद्याच साहेबाला सांगतो."

"मग ती खुर्ची मला मिळेल?"

ती जागा पर्मनंट माणसाची होती.

"मग कशाला सोडतोस? बस तिथंच."

सलिमा तेलाची वाटी घेऊन दारातच उभी होती. ती रोहिदासशी बोललीच नाही. नवऱ्याला म्हणाली, "मी वर्षभर नाटकं म्हणत होते तुम्हाला. हंड्यावरून बोलले. पाहुण्यांसमोर बोलले." वाटी तिनं खाली ठेवली आणि पदरानं हात पुसत राहिली, हात कोरडे होते तरी. "भाऊजी, ईदला इथंच बसला होतात ना तुम्ही? मी बोलत होते तेव्हा?"

रोहिदासनं होकाराची मान हलवली.

"मला तरी थांबवायचं होतंत."

अजिमच्या समोर रोहिदासनं कसंबसं स्वतःला सावरून धरलं होतं. सलिमासमोर धरता आलं नाही. तो दाराकडं वळून चपला शोधत राहिला, आणि चपला तर त्याच्या पायातच होत्या.

सोमवारी दोघं पिंपरीला गेले. आता रक्ताची गरज नव्हती. एक्स-रेच पुरेसा होता. तनुजा मॅडमनी तो उजेडावर धरला आणि दोन्ही गुडघ्यांत हाडांमधली जागा कुठं कमी झालीय ते पेन्सिलनं दाखवलं. व्यायाम सांगितले, गोळ्या दिल्या, काम बदला म्हणाल्या.

अजिमनं विचारलं, "मॅडम, तेव्हा कळलं असतं तर हे झालं नसतं?"

मॅडम खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं, असं रोहिदासला वाटलं. इकडचं किंवा तिकडचं, कोणतंही.

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "कदाचित एवढं झालं नसतं. कदाचित उशिरा झालं असतं. नक्की नाही सांगता येत मला."

बाहेर रोहिदास म्हणाला, "चल, रिक्षानं जाऊ."

"तू जा," अजिम म्हणाला. "मला दापोडीला भावाकडं जायचंय. त्याच्या दुकानात काउंटरला बसायचं काही जमतं का बघतो."

"मी येतो की संगं."

"नको."

भावाच्या दुकानात आधीच्या दोघांचंच पोट भागत नव्हतं, तिसऱ्याला थांबा म्हणाले. तोपर्यंत लाइन होतीच. रोहिदासनं साहेबाला सांगून दुसऱ्या अंगाला माणूस मिळवला. त्यासाठी तो पहिल्यांदाच साहेबाशी चढ्या आवाजात बोलला, आणि लाइनवर त्याची वाहवा झाली. ती वाहवा ऐकून तो स्टोअरच्या मागच्या रॅकांमध्ये जाऊन उभा राहिला.

त्या आठवड्यात अजिम खिडकीशी आला. पूर्वी लांबूनच ओरडत यायचा.

"साहेब, सॉकेट द्या. जुनं झिजलंय."

"मला काय साहेब म्हणतोस, अजिम?"

"स्टोअरला आहात ना."

रोहिदासनं सॉकेट शोधायला जास्त वेळ लावला. परत आला तेव्हा हातात सॉकेट होतं आणि काखेत स्टूल. दार उघडून त्यानं ते अजिमच्या मागं ठेवलं.

"बस जरा. पावती लिहितो तंवर."

अजिमनं स्टुलाकडं पाहिलं. खिडकीच्या कडेला धरून अंगाचा भार एका पायावर घेतला.

"नको. बसलो की उठायला वेळ लागतो. लाइन थांबत नाही."

सॉकेट घेऊन तो गेला.